दारावरची फुली

फुली मारायला आलेल्या माणसाला फुलीसुद्धा धड मारता येत नव्हती. एक रेघ जाड, एक बारीक, आणि जिथे दोन्ही रेघा भेटल्या तिथून लाल रंगाचा ओघळ निघाला तो थेट उंबऱ्यापर्यंत. गवंडीण दारातच उभी होती. कोपरापर्यंत हात चुन्यानं भरलेले, डोक्याला फडकं, आणि तोंडात आलेली शिवी दातांखाली धरलेली.

"ओघळ तरी पूस," ती म्हणाली.

"मला फुली मारायला पाठवलंय बाई. पुसायला नाही," कचेरीचा शिपाई म्हणाला आणि डबा उचलून पुढच्या दाराकडे चालू लागला.

आतून बाजेवरून म्हाताऱ्यानं विचारलं, "काय काढलं गं त्यानं?"

"फुली."

"सरळ आहे?"

"वाकडी आहे, बाबा."

"मग परत बोलाव त्याला. आपल्या दारावर वाकडं काही नको." म्हातारा तिचा सासरा. त्यानंही जन्मभर गवंडीकामच केलं होतं. पाय गेले, छातीचा भाता झाला, पण डोळ्यातला ओळंबा अजून हलला नव्हता.

कचेरीनं डोंगरावरच्या सगळ्या पट्ट्याची तपासणी काढली होती. कुठला भाग माणसानं घर बांधून, जमीन कसून राहण्याजोगा आहे, आणि वाईट दिवस आला, रस्ता खचला, वीज गेली, खालून वर काही येईनासं झालं, तर कुठला भाग स्वतःच्या जिवावर तगेल. तगेल तो योग्य. तगणार नाही तो रिकामा करायचा. रिकामा करायचा म्हणजे माणसं उचलून खाली हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत नेऊन ठेवायची. आजवर या लोकांना कुणी विचारलं नव्हतं की बाबांनो, जगताय का मेलात. आता एकदम काळजी वाटायला लागली होती. काळजी वाटली की कचेरी आधी रंगाचा डबा घेते.

तपासणीला बाई आली होती. उंच, सडसडीत, पायात जाड बूट. तिला दोष देता येणार नाही. तिनं काम चोख केलं. बटाट्यांच्या तळघरात शिरली, वास घेतला, तळातला एक बटाटा काढून दाबून पाहिला. सरपणाची रास पायानं ढकलून आतलं लाकूड वाळलेलं आहे का बघितलं. छपराच्या वाश्याला लटकून पाहिलं. मग म्हणाली, "समजा, रस्ता बंद आहे आणि घरात आजारी माणूस आहे. खाली कसं नेणार?"

गवंडिणीच्या नवऱ्यानं पाठीवर बांधायची खुर्ची आणली. म्हाताऱ्याला तो तिच्यातूनच उन्हात नेऊन बसवायचा.

"बसवा मला," बाई म्हणाली.

"तुम्हाला?"

"मला."

नवऱ्यानं तिला पाठीवर घेतलं आणि पायवाटेनं पार खालच्या वळणापर्यंत नेऊन परत आणलं. सगळी वस्ती तोंडावर हात ठेवून बघत होती. उतरल्यावर बाई म्हणाली, "चालेल." नवरा धापा टाकत म्हणाला, "बाई, कचेरीत जेवण चांगलं मिळतं वाटतं." बाई हसली नाही, पण चिडलीही नाही.

सगळं जमलं. अडलं पाण्यावर. वस्तीच्या डोक्यावर कातळात झरा होता. जमिनीला हादरा बसला त्या दिवसापासून तो आटत गेला आणि शेवटी बंद पडला. तेव्हापासून पाणी खालच्या ओढ्यावरून, डोक्यावर नाहीतर गाढवावर. आणि ओढा रस्त्याच्या पलीकडे. रस्ता खचला की ओढाही तुटला.

"पाणी नाही," बाई म्हणाली. "वाऱ्याचे दिवस सरले की मी परत येईन. वस्तीत वस्तीचं पाणी दिसलं तर फुली पुसू. नाहीतर घरं रिकामी करा."

गवंडिणीचं घर रस्त्याला पहिलं. म्हणून पहिली फुली तिच्या दारावर बसली.

*

झरा आटला होता तिथे खड्डा होता. तीन बाजूंना उभा कातळ, चौथी बाजू उघडी. चौथी बांधून काढायची, तळ चुन्यानं लिंपायचा, वस्तीच्या सगळ्या छपरांचं पाणी पन्हळीनं तिथे आणून सोडायचं. गवंडिणीनं पहिल्या दिवशीच मनात टाकी बांधून टाकली. उरलं होतं ते हातांनी बांधणं.

वारा सुटला होता. या डोंगरावर वारा सुटला की माणसाच्या कानात, नाकात, जेवणात माती. भिजवलेला चुना वाऱ्यानं वरच्यावर कोरडा पडायचा. तो पुन्हा तिंबायचा. चुन्यानं बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. त्या भेगांत परत चुनाच जायचा. रात्री ती हात तेलात बुडवून बसायची आणि नवरा तिला भरवायचा.

"लग्नात पण एवढं भरवलं नव्हतं," तो म्हणायचा.

"लग्नात तुम्हाला भूक लागली होती. माझ्या वाटचंही तुम्हीच खाल्लंत."

तो गाढवावरून वाळू आणायचा, दगड आणायचा. वस्तीतली माणसं पाळीपाळीनं हात लावायला यायची. येताना "कशाला उगाच" म्हणायची आणि जाताना "बघू" म्हणायची. फक्त एक घर येत नव्हतं. तिच्या दिराचं.

दिराचा तुकडा खड्ड्याच्या बरोबर खाली. दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत. झरा आटत चालला होता त्या दिवसांत आधी कुणी भरायचं यावरून दोन्ही घरांत हंडे आपटले होते. वाटण्या झाल्या. गवंडिणीनं रागाच्या भरात भिंत घातली, आणि राग खरा होता म्हणून काम असं झालं की दोन दगडांमध्ये सुरी जाणार नाही. आयुष्यात तिनं यापेक्षा चांगली भिंत बांधली नव्हती.

दीर विहिरी खणायचा. झरा गेल्यावर वस्तीसाठी त्यानं जागोजाग खड्डे घेतले. सगळे कोरडे. लोकांनी त्याचं नावच कोरड्या ठेवलं. लहान पोरंसुद्धा तोंडावर म्हणायची. एक दिवस त्यानं पहार गोठ्याच्या छपरावर फेकून दिली, ती अजून तिथेच गंजत होती. खालच्या खोल्यांसाठी वस्तीतून नाव घातलं ते फक्त त्यानं. कांदे काढायचे आणि निघायचं. त्याच्या बायकोनं भांडी गोणीत भरायला घेतली होती.

भिंतीवरून तो एकदा म्हणाला, "वहिनी, टाकी बांधून काय करणार? कचेरीला आपण नकोच आहोत."

"भावजी, कचेरीला मीही नकोय, तुम्हीही नकोय. मग त्यांचं काम तुम्ही कशाला हलकं करताय?"

तो भिंतीवरून मागे सरला. कांद्याच्या वाफ्यात बसून राहिला.

*

टाकी झाली. चौथी भिंत उभी राहिली, तळ लिंपून झाला, कोपरे गोल करून घोटून झाले. आता चुना मुरू द्यायचा. ओली पोती टाकून, सकाळ संध्याकाळ शिंपडून, सावकाश. चुन्याला घाई चालत नाही. गवंडिणीला हे शिकवावं लागत नव्हतं.

आणि शिपाई परत आला. या वेळी हातात डबा नव्हता, नुसता निरोप होता. तपासणी अलीकडे आणली होती. बाई चार दिवसांत येणार.

"वारा अजून सरला नाही," गवंडीण म्हणाली.

"मला काय विचारता? वारा माझ्या हाताखाली नाही."

"कुणी अलीकडे आणली?"

"वरच्यांनी."

वरचे म्हणजे कोण हे या जगात कुणाला कधी कळलेलं नाही.

त्या दुपारी तिनं टाकीच्या कडेवर बसून खूप वेळ तळाकडे बघितलं. नवरा शेजारी उभा. "भरायची का?" त्यानं विचारलं.

"छपरावरून पडायला पाऊस कुठे आहे? ओढ्यावरून आणावं लागेल."

"आणतो. पण चुना?"

घरातून म्हातारा खोकत खोकत ओरडला, "कच्चा आहे! अंगठा दाबून बघ, ठसा उमटेल! भरू नकोस!"

तिनं अंगठा दाबला. ठसा उमटला. तिला सगळं माहीत होतं. पण रिकामी टाकी दाखवली तर ती बाई काय म्हणेल, "छान बांधली आहे"? टाकीत पाणी दिसायला हवं होतं. तिनं बोटानं तो ठसा घोटून टाकला आणि म्हणाली, "भरा."

नवरा आणि गाढव खाली वर, खाली वर. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन निघाल्या. गाढवानं वाटेत दोनदा बसून घेतलं. नवरा त्याच्या कानात काहीतरी बोलायचा आणि ते उठायचं. "काय सांगता त्याला?" कुणीतरी विचारलं. "सांगतो, बाबा, पत्र्याच्या खोल्यांत गाढवांना जागा नाही. माणसांना कशीबशी आहे."

टाकी कमरेएवढी भरली. पाण्यात आभाळ दिसायला लागलं. बायकांनी बघून घेतलं, हसल्या, आपापल्या घरी गेल्या. गवंडीण शेवटी गेली.

सकाळी टाकीत आभाळ नव्हतं. तळाला थोडा चिखल आणि त्यात एक बेडूक.

ती शिडी लावून आत उतरली. भिंत आणि तळ जिथे भेटतात त्या कोपऱ्यात चुन्याचा लचका निघाला होता. हात जाईल एवढा. तिनं हात घातला. आत कातळाची फट. बोटांना वारा लागला.

ती तशीच चिखलात बसली. रडली नाही. रडायला घशात ओलावा लागतो. वर कडेवर माणसं जमली. कुणी वाकून आत बघितलं, कुणी रिकामा हंडा खाली ठेवला. मग एक म्हातारी बोललीच, "आमचे हंडे फुकट गेले की गं." कुणीतरी तिला गप्प केलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून दिराचा आवाज आला. "वहिनी! अहो वहिनी! तुमचं पाणी आवरा! माझे कांदे बुडाले!"

*

कांद्याच्या वाफ्यात घोट्यापर्यंत चिखल होता. भिंतीच्या पायथ्याशी, दिराच्या बाजूला, जमीन फुगून फाटली होती आणि तिथून पाणी येत होतं. जाऊ कमरेवर हात ठेवून उभी. "जायच्या आधी एवढे कांदे तरी नेऊ द्यायचे होते. तेही बघवलं नाही ना तुम्हाला?"

"चूक माझी आहे," गवंडीण म्हणाली. एवढं बोलायला तिला छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं. तिनं फावडं घेतलं आणि वाफ्याच्या कडेनं चर पाडायला लागली, पाणी बाहेर काढायला. नवराही आला. दीर बांधावर बसून बघत राहिला. मदत केली नाही, हाकललंही नाही. कांदे उपटून उपटून ती दोघं बांधावर टाकत होती. वस्तीतली माणसं वरून बघत होती. टाकी फोडलेली बाई आता दुसऱ्याच्या शेतात गाळ उपसते आहे. याहून खाली कुठे जायचं?

दुपार झाली, चर पडला, पाणी चरातून वाहायला लागलं. संध्याकाळ झाली तरी वाहत होतं.

सकाळी ती पुन्हा बघायला गेली. चर तुडुंब.

नवऱ्यानं डोकं खाजवलं. चराकडे बघितलं, वर टाकीकडे बघितलं, गाढवाकडे बघितलं. "एक सांगू का?" तो म्हणाला. "एवढं पाणी मी आणलंच नव्हतं. एवढं आणलं असतं तर हे गाढव मेलं असतं."

गवंडिणीनं चरात हात घातला. परवा टाकीतलं पाणी उन्हानं कोमट झालं होतं. हे गार होतं. हाडात कळ जाईल असं गार.

"भावजी," ती म्हणाली. "इकडे या."

"कशाला?"

"या म्हटलं ना."

दिरानं हात घातला. तो हात त्यानं बाहेरच काढला नाही. पाण्यात हात ठेवून उकिडवा बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते सांगता येत नाही. खड्ड्यामागून खड्डे कोरडे गेलेला माणूस एकदम हसत नाही. तो आधी चिडतो.

"इथे?" तो म्हणाला. "माझ्या कांद्याखाली? अख्खा डोंगर खणला मी, आणि हे इथे माझ्या ढुंगणाखाली बसलं होतं?"

मग त्यानं सगळ्यांना समजावं असं हातांनी दाखवलं. हादऱ्यानं कातळ सरकला, झऱ्याची वाट खाली वळली आणि वाटेत चिकणमातीचा गोळा अडकला. टाकीतलं पाणी वरून फटीत घुसलं, त्याच्या रेट्यानं गोळा निघाला. "वहिनीनं गाढवाच्या पाण्यानं डोंगराचं नाक शिंकरलं," तो म्हणाला.

म्हाताऱ्याला खुर्चीतून आणलं. त्यानं ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं, गालात खेळवलं. "लोखंडाची चव आहे," तो म्हणाला. "आपलंच आहे हे. याच पाण्यावर माझा बाप वाढला." मग सुनेकडे बघून म्हणाला, "चुना कच्चा होता पण."

"हो बाबा."

"म्हटलं, सांगून ठेवावं."

दीर उठला, गोठ्याच्या छपरावर चढला आणि पहार खाली ओढली.

"खाली ठेवा ती," जाऊ म्हणाली.

सगळे थांबले.

"ठेवा म्हणते ना. खालची खोली मिळाली आहे. तिथे नळ आहे. तोटी फिरवली की पाणी. इथे पाणी सापडलं असं कुणाला सांगायचं नाही. माती टाका त्याच्यावर." ती गवंडिणीकडे वळली. "माझी मान बघा, ताई. सरळ होत नाही आता. झोपताना कुशीवर वळता येत नाही. इतकी वर्षं हंडा वाहिला या मानेनं. तुम्हाला डोंगर हवाय. मला नळ हवाय. एवढंच मागणं आहे माझं, आणि तेही तुम्हाला जास्त वाटतंय?"

गवंडिणीचा हात आपल्या मानेकडे गेला. तिची मान सरळ होती. तिच्या घरी गाढव होतं. भिंत घातल्यापासून गाढव भिंतीच्या अलीकडे होतं.

मग ती म्हणाली, "तुझ्या चुलीपुढून नेते."

"काय?"

"पाणी. आधी तुझ्या स्वयंपाकघरात येईल. तोटी बसवते. तिथून पुढे वस्तीला. हंडा उचलायचाच नाही."

"आणि ही भिंत? जमीन ही आहे, पाणी हे आहे, आणि मध्ये तुमची ही बया उभी आहे."

"काढते."

*

दोन दिवस होते. भिंत काढायची म्हणजे दगडापासून दगड सुटायला हवा, आणि तिची भिंत सुटेना. पहार मारली की ठिणगी उडायची, दगड जागचा हलायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा गवंडिणीनं स्वतःच्या कामाला शिव्या घातल्या. "कुठल्या रांडेनं बांधली ही!" ती ओरडली. नवरा म्हणाला, "होती एक. रागीट होती. कामाला मात्र चांगली."

म्हातारा खुर्चीत बसून सांगत होता, "वरून नको, टोकाकडून सोडव." टोकाकडून सुटली. पहिला दगड निघाल्यावर जाऊ पुढे आली. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरून दीर खणत होता त्या खड्ड्याकडे चालू लागली. डोक्यावर नाही, छातीशी. मग वस्तीतल्या बायका आल्या. या वेळी "कशाला उगाच" कुणी म्हटलं नाही.

दीर खाली खणत होता. चिखलानं माखून तो माणूस राहिला नव्हता, डोळे तेवढे दिसत होते. कातळ उघडा पडला. अंगठ्याएवढी फट, तिच्यातून पाणी दमादमानं येत होतं, झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखं. गवंडिणीनं तिच्याभोवती भिंतीच्याच दगडांचा हौद रचला. नुसता दगडात दगड. चुन्याला हात लावला नाही. त्याच्यावरचा तिचा राग अजून गेला नव्हता, आणि चुन्याचाही तिच्यावरचा गेला नसणार. हौदातून जुन्या नळीचा तुकडा जावेच्या भिंतीतून आत नेला. तोटी मिळाली ती गाडीच्या भंगारातली.

"ए कोरड्या, वर ये, जेवून घे!" वरून कुणीतरी हाक मारली. दीर छातीपर्यंत पाण्यात उभा होता, केसांतून, नाकातून पाणी गळत होतं. सगळी वस्ती एकदम हसली. तोही हसला. नाव काही गेलं नाही. पण त्यातला काटा निघाला.

*

बाई आली तेव्हा वारा तसाच होता. मागे शिपाई, आणि शिपायाच्या हातात डबा. या वेळी डबा मोठा होता.

बाईनं आधी टाकीच बघितली. शिडीनं आत उतरली, कोपऱ्यातला खड्डा बघितला, वर आली.

"रिकामी आहे."

नवरा हळूच म्हणाला, "सांग, धुवायला काढली आहे."

"फुटली," गवंडीण म्हणाली. "चुना कच्चा होता. मीच भरायला लावली."

शिपायानं डब्याचं झाकण उघडलं.

"झाकण लाव," गवंडीण त्याला म्हणाली. "अजून कुणी विचारलं नाही तुला. बाई, खाली चला."

बाईनं हौद बघितला. हात घातला. आजूबाजूला कुठे पन्हळ, नळी, गाढवाच्या खुणा आहेत का बघत फिरली. ते तिचं कामच होतं. मग म्हणाली, "उपसा."

"बाई, आताच निवळलंय," दीर म्हणाला.

"उपसा. सगळं. आणि रस्त्याला साखळी लावा. उद्या सकाळपर्यंत कुणी खाली जायचं नाही, वर यायचं नाही."

"मी पण?" शिपाई म्हणाला. "माझं जेवण खाली आहे."

"तू पण."

वस्तीतली झाडून सगळी भांडी आली. हंडे, बादल्या, पातेली, गुरांचं टोपलं सोडून सगळं. हौद तळापर्यंत कोरडा केला. पाणी कुणी सांडलं नाही, घरोघर भरून ठेवलं. बाईनं आतल्या दगडावर खडूनं रेघ ओढली आणि तिथेच बसली. जाऊनं आत कांदे चिरायला घेतले. तिचे कांदे, चिखलातून धुऊन काढलेले. ते शिजून होईतो पाणी रेघेला लागलं.

"पुन्हा," बाई म्हणाली.

पुन्हा उपसलं. भांडी भरली होती म्हणून या वेळी पाणी वाफ्यांना सोडलं. बाई जेवली तीही तिथेच बसून, ताट मांडीवर. उकडलेले बटाटे आणि कांदे. शिपायानं तीनदा मागून घेतले.

सकाळी हौद काठोकाठ होऊन चरातून पुढे चालला होता. तिनं खडूची रेघ बघायला वाकून पाहिलं, तर ती पाण्याखाली कुठेतरी पुसून गेली होती.

"जमीन कुणाची?" तिनं विचारलं.

"माझी," दीर म्हणाला.

"तुमचं नाव खालच्या खोल्यांत आहे."

"आहे." त्यानं बायकोकडे बघितलं. "खोडा."

"थांबा," जाऊ म्हणाली. ती घरात गेली. सगळे दाराबाहेर उभे. आत तोटी करकरली, आधी हवा खोकली, मग पाणी आलं. भांड्यावर पडल्याचा आवाज आला. तोटी बंद झाली. परत उघडली. परत बंद. असं तिनं किती वेळा केलं कुणी मोजलं नाही, पण बाईही घाई करत नव्हती.

जाऊ बाहेर आली, ओले हात अंगाला पुसत. मान तशीच एका अंगाला. "आता खोडा," ती म्हणाली.

बाईनं खोडलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पट्टा योग्य. राहा." खडू खिशात टाकत म्हणाली, "वरचे विचारतील, टाकी फुटल्यावर कसं काय योग्य. मी सांगेन, फुटल्यावर काय करतात तेच बघायला गेले होते."

ओरडा झाला. गाढव बिथरलं. नवऱ्यानं म्हाताऱ्याला खुर्चीसकट पाठीवर घेऊन हौदाभोवती फेरी मारली. म्हातारा त्याच्या डोक्यात टपल्या मारत होता, "हळू! पाडशील मेल्या!" दिराला पोरांनी परत पाण्यात ढकललं. गवंडीण हौदाच्या कडेवर बसली आणि भेगाळलेले दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवून ठेवले. झोंबलं. तिनं काढले नाहीत.

शिपाई डबा घेऊन हळूच रस्त्याला लागला होता.

"कुठे?" गवंडीण म्हणाली.

"खाली. साखळी काढली ना?"

तिनं त्याला तिच्या दाराशी आणलं. वस्ती मागोमाग. बाईही आली. लाल फुली दारावर तशीच होती, वाऱ्यातली माती बसून तपकिरी झालेली.

"पूस."

शिपायानं बाईकडे बघितलं. "मला पुसायला नाही पाठवलं."

"आता पाठवते," बाई म्हणाली. "पूस. मग पुढची दारं."

गवंडिणीनं त्याच्या हातात आपली थापी दिली. "आधी खरवड. तेलाच्या रंगावर चुना धरत नाही. लाकडाच्या रेषेनं खरवड, आडवं नको, दार खराब होईल. मग चुन्याचा हात मार. पहिला उभा, दुसरा आडवा."

तो खरवडायला लागला. लाल कपचे उडून त्याच्या बाह्यांवर बसले. घामानं निथळला. चुन्याचा पहिला हात मारला, दुसरा मारला. दार पांढरं झालं.

म्हातारा खुर्चीतून ओरडला, "सरळ आहे का गं आता?"

"आता काहीच नाही, बाबा."

"मग बरं."

शिपायानं थापी पुढे केली. "झालं ना?"

गवंडिणीनं दारावरून नजर फिरवली. वरून खाली, अगदी उंबऱ्यापर्यंत.

"ओघळ राहिला," ती म्हणाली.

त्यानं वाकून बघितलं. खरंच राहिला होता. तो गुडघे टेकून बसला आणि पुन्हा खरवडायला लागला.